'पिंजरा'वरून 'ब्लू एंजल'कडे: मार्लेन डीट्रिखचे कुठले चित्रपट आधी पाहावेत?

मृण्मयी_क

नमस्कार मंडळी,

परवा घरी सगळ्यांनी मिळून पुन्हा एकदा 'पिंजरा' पाहिला. श्रीराम लागूंचा मास्तर फडात पडेल ती कामं करू लागला की आमचे बाबा पाणी प्यायच्या निमित्ताने उठतात, तसे याही वेळी उठले. जेवताना भाऊ म्हणाला, ही गोष्ट मुळात जर्मन आहे, शांतारामबापूंनी तमाशाच्या फडात आणून बसवली.

शोधाशोध केल्यावर १९३० सालचा 'द ब्लू एंजल' सापडला. युट्यूबवरची प्रत इतकी धुरकट की फळा कुठला आणि मास्तर कुठला ते कळेना. संवाद इंग्रजीत, पण मधूनच कुणीतरी जर्मनमध्ये ओरडतं. मास्तर झालेला एमिल यानिंग्ज सतत नाक शिंकरतो. अर्ध्या तासाने नाद सोडला.

पण पिंपावर गुडघा धरून बसलेली ती बाई काही डोक्यातून जाईना. मार्लेन डीट्रिख. १९३० च्या दशकात तिने डझनभर तरी चित्रपट केलेले दिसतात. कुठून सुरुवात करू? 'ब्लू एंजल' जर्मन पाहू की इंग्रजी? आणि एक भाबडा प्रश्न, हसू नका: ही बाई अभिनय करते का? मला तर ती नुसती बसलेली दिसली. बाकी सगळे घाम गाळतायत आणि ही आपली निवांत.

फडताळ

'डेस्ट्री राइड्स अगेन' (१९३९) लावा आणि मोकळ्या व्हा. दारूचा गुत्ता, गोळीबार, जेम्स स्टुअर्ट. डीट्रिख आणि उना मर्केल एकमेकींच्या झिंज्या धरून जमिनीवर लोळतात आणि स्टुअर्ट येऊन दोघींवर बादलीभर पाणी ओततो. बाकीचं ते धुकं न् जाळ्या न् पिसं म्हणजे झोपेची गोळी. आमचं मत, पटलं तर घ्या.

जुना_निगेटिव्ह

मृण्मयीताई, फडताळरावांचं ऐका, पण सगळ्यात शेवटी. 'डेस्ट्री' आधी पाहिलात तर त्यातली गंमत निम्मी जाईल. का ते सांगतो. जरा दमाने घ्या, मी एका बोटाने टाइप करतो.

मी सिनेमाचा अभ्यासक नव्हे. कोल्हापुरात आमचा फोटो स्टुडिओ होता, आधी वडिलांचा, मग माझा. मुलीचा दाखवायचा फोटो हे आमचं मुख्य गिऱ्हाईक. मुलगी स्टुलावर, आई शेजारी उभी राहून 'जरा हस गं, इतकं नको' म्हणतेय, आणि मी दिवा सरकवतोय. चेहरा रुंद असेल तर दिवा उंच न्यायचा, कॅमेऱ्याच्या बरोब्बर डोक्यावर. गालाखाली सावली उतरते, हनुवटी निमुळती होते, पापण्या जड दिसतात आणि नाकाच्या शेंड्याखाली फुलपाखराच्या आकाराची छोटी सावली पडते. फार वर नेला तर डोळ्यांच्या खोबणी काळ्या पडतात. मग मुलीच्या मांडीवर पांढरा पुठ्ठा ठेवायचा, म्हणजे खालून थोडा उजेड परततो. वडील या सगळ्याला 'वरचा दिवा' म्हणायचे. त्यांनी तो हॉलिवूडच्या नट्यांचे मासिकांतले फोटो बघून बघून उचलला होता. पुढे एका फिल्म सोसायटीत 'शांघाय एक्सप्रेस' पाहिला आणि पडद्यावर आमचा वरचा दिवाच दिसला! हा दिवा कुठून आला ते तेव्हा समजलं.

तर तुमच्या भाबड्या प्रश्नाचं उत्तर त्या दिव्यात आहे. आधी 'ब्लू एंजल' बघा आणि लगोलग 'मोरोक्को' बघा. दोन्ही १९३० चे, दिग्दर्शक एकच, योसेफ फॉन स्टर्नबर्ग, मध्ये फक्त काही महिने. बाई मात्र तीच वाटत नाही.

'ब्लू एंजल'मध्ये ती गोबरी आहे. मांड्या भरलेल्या, नाक किंचित वर, चेहऱ्यावर उजेड बऱ्यापैकी सपाट. तिच्या आजूबाजूला इतकी अडगळ आहे की बघून जीव गुदमरावा: मासे धरायची जाळी, जहाजाचा नांगर, टांगलेले पक्षी, कापलेले ढग, तिच्यामागे बिअर ढोसत बसलेल्या जाड्या बायका. हा चित्रपट मुळात यानिंग्जसाठी काढलेला. तो तेव्हाचा बडा नट, अभिनयाचं पहिलंवहिलं ऑस्कर त्याचं, आणि बोलपट आल्यावर अमेरिकेतून परत जर्मनीला आलेला. तो प्रत्येक दृश्यात जीव तोडून काम करतो. आणि ही? मास्तर पहिल्यांदा तिच्या खोलीत येतो तेव्हा ही रंगभूषेचं काम चालूच ठेवते. पावडरचा डबा उचलते, फुंकर मारते, मास्तराचं तोंड पांढरं. गोल जिन्यावरून वर जाते आणि आतले कपडे त्याच्या खांद्यावर टाकते. कशाचंही तिला विशेष काही नाही, कामावर आली आहे. तो निवांतपणा हाच अभिनय, ताई. यानिंग्ज इतके कष्ट करतो म्हणून तर तिचा निवांतपणा दिसतो.

आवाजाकडेही लक्ष द्या. पार्श्वसंगीत जवळजवळ नाहीच. रंगपटाचं दार उघडलं की स्टेजवरचं गाणं धो धो आत येतं, दार लावलं की गप्प. बोलपट येऊन फार दिवस झाले नव्हते, तेव्हा हे दाराचं गणित कुणाला सुचावं याचं मला अजून नवल वाटतं.

जर्मन की इंग्रजी: जर्मन, डोळे मिटून. तेव्हा डबिंगचं तंत्र बाल्यावस्थेत होतं, म्हणून एकच सेट, तेच नट आणि तेच दृश्य दोनदा चित्रित करायचे, एकदा या भाषेत, एकदा त्या भाषेत. आपल्याकडे प्रभातने 'अयोध्येचा राजा' मराठी-हिंदी केला ती हीच रीत. पण 'ब्लू एंजल'च्या इंग्रजी आवृत्तीत निम्मी मंडळी भाषेला अडखळतात. यानिंग्जचा मास्तर शाळेत इंग्रजी शिकवतो, म्हणून सगळे इंग्रजी बोलतात अशी सोय कथेत करून घेतली आहे, तरी ते टोचतं.

आता 'पिंजरा'. सांगाडा एक आहे, आत्मा वेगळा. आपली चंद्रकला मास्तरावर डूख धरते. त्याने फड गावाबाहेर काढला म्हणून त्याला नादी लावते. डीट्रिखची लोला-लोला कुणावर डूख धरत नाही. मास्तर तिच्या दारात आला, तिने नाही म्हटलं नाही, लग्न कर म्हणाला तर आधी खो खो हसली आणि मग केलं. हाइनरिश मानच्या मूळ कादंबरीत (१९०५) सूड आहे, पण तो मास्तराचा. तिथे तो मरत नाही, घरात जुगाराचा अड्डा मांडून सबंध गावाची अब्रू धुळीला मिळवतो. चित्रपटाने ते सोडून दिलं. गावात मास्तराचा पुतळा उभा राहणं आणि स्वतःच्याच खुनासाठी त्याने गुन्हेगार ठरणं हे सगळं शांतारामबापूंच्या घरचं. जर्मन मास्तराच्या वाट्याला पुतळा नाही. त्याच्या डोक्यावर जादूगार अंडी फोडतो, कोंबड्यासारखं आरवायला लावतो, तेही त्याच्याच गावात, जुन्या ओळखीच्या लोकांसमोर. मग तो रात्री शाळेत जातो आणि आपल्या टेबलाला घट्ट धरून मरतो. तुमच्या बाबांना हा चित्रपट दाखवू नका.

तो जादूगार झालेला कुर्ट गेरॉन. ज्यू होता. १९४४ साली नाझींच्या ऑशविट्झ छळछावणीत मारला गेला. यानिंग्ज नाझींच्या राज्यात बडा नट म्हणून मिरवला. एकाच चौकटीत हे दोघे उभे असतात तेव्हा मला गोष्टीत लक्ष ठेवणं जड जातं.

'मोरोक्को'बद्दल रात्री लिहितो, जेवायला बोलावतायत.

टवाळ_कार्टं

काका, तुम्ही 'दाखवायचा फोटो' म्हणून पुढे एक वेगळी लेखमाला काढा. आमच्या मावशीच्या फोटोत तिला कोणी ओळखत नाही, आता कारण कळलं. 😀

बाकी मार्लेनपेक्षा ग्रेटा गार्बो भारी, हे एवढं नोंदवून पळतो.

जुना_निगेटिव्ह

जेवलो. पुढे.

'मोरोक्को'पासून ती हॉलिवूडमध्ये, पॅरामाउंट कंपनीकडे. 'ब्लू एंजल'चा बर्लिनमधला पहिला खेळ १ एप्रिल १९३० ला झाला आणि त्याच रात्री तिने अमेरिकेची वाट धरली. तिकडे एमजीएमकडे गार्बो होती, पॅरामाउंटला त्याला तोडीस तोड कुणीतरी हवं होतं. कॅमेरामन ली गार्म्स सांगायचा की पहिल्यांदा तिला गार्बोसारखाच बाजूचा प्रकाश दिला होता, मग मात्र वरचा दिवा आला. त्या दिव्याखाली 'ब्लू एंजल'मधली गोबरी पोरगी गायब. गालाची हाडं वर आली, डोळे अर्धे मिटले. तिने दाढा काढून घेतल्या वगैरे गप्पा लोक मारतात. दिवा हातभर वर नेऊन बघा, दाढा शाबूत ठेवून काम होतं.

'मोरोक्को'त ती गायिका. पहिल्या गाण्याला पुरुषी सूट, टोपी, हातात सिगरेट. प्रेक्षक हुर्यो करतात, ती त्यांना थांबू देते, घाई नाही. गाणं झाल्यावर एका टेबलाशी बसलेल्या बाईच्या केसांतलं फूल मागून घेते, वाकून तिच्या ओठांचं चुंबन घेते आणि तेच फूल गॅरी कूपरकडे फेकते. तो ते कानामागे खोचतो. सैनिकाच्या कानामागे फूल, बाईच्या अंगात सूट, सन १९३०! ऑस्करचं नामांकन तिला आयुष्यात एकदाच मिळालं, ते यासाठी.

'डिसऑनर्ड' (१९३१) गुप्तहेरांची गोष्ट आहे आणि गोष्ट म्हणून टाकाऊ आहे. शेवट मात्र बघाच. तिला गोळ्या घालायच्या आहेत. कोठडीत आरसा नाही म्हणून तरुण अधिकाऱ्याच्या तलवारीच्या पात्यात स्वतःला न्याहाळते. बाहेर तो अधिकारी ऐन वेळी 'मी बाईला मारणार नाही' म्हणून टाहो फोडतो. तेवढा वेळ मिळाला म्हणून ही लिपस्टिक लावून घेते, मोजे सारखे करते. मग दुसरा अधिकारी हुकूम देतो. ही लिपस्टिक लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

'शांघाय एक्सप्रेस' (१९३२) माझ्या मते सगळ्यांत नीट जमलेला. सुरुवात इथून केलीत तरी चालेल. पेकिंगहून शांघायला निघालेली गाडी, मध्ये बंडखोर. गाडी निघते ती बाजाराच्या बोळातून, दोन्हीकडे दुकानं, रुळावर गाय आडवी. सगळं कॅलिफोर्नियात उभारलेलं. गार्म्सला ऑस्कर मिळालं ते याच छायाचित्रणासाठी. एका ठिकाणी ती डब्यात एकटी उभी आहे. पाठ टेकलेली, मान वर, बरोब्बर डोक्यावर दिवा, हातात सिगरेट. चेहऱ्यावर काहीही नाही. हात तेवढा थरथरतोय. चित्र थांबवून नाकाखाली बघा, फुलपाखरू जागेवर असेल. दिवा इतका नेमका ठेवलाय की मान थोडी खाली गेली असती तर चेहरा काळा पडला असता. म्हणजे तिला हललं तरी चालणार नव्हतं, आणि न हलता रडायचं होतं. माझ्या स्टुडिओत धडधाकट माणसांना क्षणभर स्थिर बसवताना नाकी नऊ यायचे.

'ब्लॉन्ड व्हीनस'मध्ये ती गोरिलाच्या कातड्यातून बाहेर येऊन गाते तेवढं बघा, बाकी रडारड.

'द स्कार्लेट एम्प्रेस' (१९३४) मात्र मोठ्या पडद्यावर, नाहीतर निदान खोलीत अंधार करून. रशियाची कॅथरिन. राजवाडा इतिहासातला नाही, स्टर्नबर्गच्या डोक्यातला आहे: खुर्च्यांच्या पाठी म्हणजे वाकडीतिकडी माणसं, मेणबत्त्या धरलेले सांगाडे, दारं एवढी अवजड की ती ढकलायला बायकांची फौज लागते. लग्नाचा प्रसंग पाहाल तेव्हा संवादाची वाट पाहू नका. तिच्या तोंडावर जाळीचा बुरखा आहे, ओठांजवळ मेणबत्ती धरलेली. कॅमेरा जवळ जवळ जातो, शेवटी बुरख्याचे धागे वेगळे मोजता येतील इतका. आणि ज्योत तिच्या श्वासाबरोबर मागेपुढे होते. घाबरलेल्या मुलीचा श्वास तुम्ही ऐकत नाही, ज्योतीवर बघता. चित्रपट साफ पडला. लोकांचीही चूक नाही म्हणा, राणीची गोष्ट बघायला आलेल्यांना इतके सांगाडे कशाला हवेत.

श्प्रे_काठची

काका, लिखाण आवडलं, पण तुमच्या दिव्याखाली बाई कुठाय? तुमच्या हिशेबाने स्टर्नबर्गने दिवा लावला, गार्म्सने वर नेला आणि ती बिचारी हलली नाही म्हणून मोठी झाली. हे जरा अतीच झालं.

कॅमेऱ्याशेजारी आरसा ठेवून ती स्वतःचा प्रकाश स्वतः तपासायची. पुढे दुसऱ्या दिग्दर्शकांकडे गेली तेव्हा दिवा कुठे हवा हे तिलाच ठाऊक होतं आणि ती तसं सांगायचीही. ट्रॅव्हिस बँटन कपडे करायचा, पण फिटिंगला ती तासन् तास उभी राहायची, पिसाची जागासुद्धा ठरवून घ्यायची. आणि तो पुरुषी सूट कुणी तिच्या अंगावर चढवला नव्हता. ती बर्लिनची होती, १९२० च्या दशकातल्या बर्लिनची. अशा पोशाखातल्या बायका तिने इथल्या क्लबांत पाहिल्या होत्या.

मी इथे नोकरीला आल्यावर पॉट्सडामर प्लाट्झच्या चित्रपट संग्रहालयात तिच्या वस्तू पाहिल्या होत्या. तिचा सगळा संग्रह बर्लिनने १९९३ मध्ये घेतला. ट्रंका, टोप्या, बूट, पत्रं, काय वाटेल ते जपून ठेवलेलं. नुसती दिव्याखाली बसलेली बाई इतकी टापटीप दफ्तर ठेवत नाही. १९३९ ला तिने अमेरिकन नागरिकत्व घेतलं, युद्धात अमेरिकन सैनिकांसाठी गात आघाडीवर फिरली. १९६० ला इकडे कार्यक्रमाला आली तर काही लोक 'परत जा' म्हणून फलक घेऊन उभे. आता तिच्या नावाचा चौक आहे, २००२ ला मानद नागरिकत्व दिलं, वारल्यावर दहा वर्षांनी. फ्रीडेनाऊच्या दफनभूमीत दगडावर नाव म्हणून फक्त 'मार्लेन' लिहिलंय, आडनाव नाही.

मृण्मयी, तुला सांगते, स्टर्नबर्गशिवायचे पण बघ. 'डिझायर' (१९३६) मस्त आहे. मोत्यांची माळ चोरणारी बाई, परत गॅरी कूपर, आणि ती चक्क विनोदी. 'नाइट विदाउट आर्मर' (१९३७) लंडनला झाला, रशियन क्रांतीत सापडलेली सरदारकन्या. सकाळी उठते तर वाड्यात एकही नोकर नाही, पांढऱ्या झग्यात एकटीच खोल्याखोल्यांतून फिरते. त्यात ती पळते, काका. हलते.

जुना_निगेटिव्ह

बाईसाहेब, आरशाचा मुद्दा बिनशर्त कबूल. गिऱ्हाइकाला आरसा दिला की फोटोग्राफरची सत्ता संपते, म्हणून आमच्या स्टुडिओत तो बाहेरच्या खोलीत असायचा. तिने तो आत आणला.

पण दिव्याचं श्रेय मी स्टर्नबर्गला उगाच देत नाही. त्याचे आणि तिचे सात चित्रपट, 'ब्लू एंजल' धरून. सातव्यात, 'द डेव्हिल इज अ वुमन' (१९३५) मध्ये, त्याने कॅमेरा जवळजवळ स्वतःच्याच हातात घेतला. स्पेनमधला कार्निव्हल, कागदी फिती, फुगे, मुखवटे, आणि एका म्हाताऱ्या अधिकाऱ्याला खेळवणारी कोंचा. स्पॅनिश सरकारला तो आपल्या सैन्याचा अपमान वाटला, धमक्या आल्या, पॅरामाउंटने चित्रपट मागे घेतला. तो तगला यात तिचा हात आहे, कारण तिने स्वतःची प्रत सांभाळून ठेवली होती. हे तुमच्या दफ्तराच्या मुद्द्यात जमा करा. तिचा स्वतःचा सर्वांत आवडता चित्रपटही हाच.

त्यानंतर दोघे वेगळे झाले. आता माझं गाऱ्हाणं ऐका. 'डिझायर' गोड आहे, मान्य. 'गार्डन ऑफ अल्ला'मध्ये ती रंगीत झाली, आणि रंग आला की सावलीचं काम निम्मं उरतं. १९३८ मध्ये अमेरिकेतल्या थिएटरमालकांनी जाहिरात देऊन तिला आणि गार्बोला, कॅथरीन हेपबर्नला, अशा बऱ्याच जणींना 'गल्ल्याला विष' ठरवलं. दीडेक वर्ष हातात काम नाही. मग 'डेस्ट्री'.

आणि इथे फडताळराव बरोबर, पण चुकीच्या कारणाने. झिंज्या धरणं ठीक आहे. पण शेवटी ती गोळी अंगावर घेते, स्टुअर्टच्या हातात आहे, तो तिचं चुंबन घेणार. त्याआधी ती हाताच्या पाठीने लिपस्टिक पुसून टाकते. 'डिसऑनर्ड'मध्ये गोळी खाण्याआधी लावली होती. आठ वर्षं सगळं हॉलिवूड जो चेहरा दिव्यांनी उजळत बसलं तो तिने मनगटाने एका फटक्यात पुसला. हे कुणी लिहून दिलं होतं की तिचं तिला सुचलं, काही असो. आधीचे पाहिले नसतील तर ते नुसतं मरणारी बाई तोंड पुसतेय एवढंच दिसतं. म्हणून म्हणतो, शेवटी बघा.

टवाळराव, गार्बोबद्दल: 'क्वीन क्रिस्टिना' (१९३३) च्या शेवटी ती जहाजाच्या टोकाला उभी असते, कॅमेरा तोंडाजवळ जाऊन थांबतो. दिग्दर्शक मामुलियनने तिला सांगितलं होतं, कसलाच विचार करू नकोस. आपण त्या कोऱ्या चेहऱ्यावर आपल्याला हवं ते दुःख लिहितो. डीट्रिखच्या चेहऱ्यावर तसं लिहिता येत नाही, ती आपल्याकडे बघून मनात काहीतरी म्हणत असते. त्याच मामुलियनने त्याच वर्षी डीट्रिखला घेऊन 'साँग ऑफ साँग्ज' केला, स्टर्नबर्गशिवायचा तिचा हॉलिवूडमधला पहिला. शेजारी ठेवून बघा. गार्बो त्याला कळली होती, ही नाही.

फडताळ

लिपस्टिकचं लक्षात आलं नव्हतं. शब्द मागे घेत नाही, पण 'डिसऑनर्ड' डाउनलोडला लावलाय.

मृण्मयी_क

सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं. काल 'शांघाय एक्सप्रेस' पाहिला. त्या डब्यातल्या दृश्याला थांबवून नाकाखाली बघितलं, फुलपाखरू सापडलं! भावाने मला वेड्यात काढलं. दोन शंका. एक, तिचा नायक क्लाइव्ह ब्रूक असा लाकडासारखा का बोलतो? सगळेच सावकाश, एका सुरात बोलतात. दोन, चांगल्या प्रती कुठे मिळतील?

जुना_निगेटिव्ह

प्रतींचं आधी. स्टर्नबर्गबरोबरचे हॉलिवूडमधले सहा चित्रपट क्रायटेरियन या कंपनीने २०१८ मध्ये एका संचात काढले आहेत. महाग आहे, पण चार जणांत मिळून घ्यायला हरकत नाही. 'ब्लू एंजल' त्यात नाही, तो वेगळा घ्यावा लागतो, घेताना जर्मन आवृत्ती आहे ना ते पाकिटावर वाचून घ्या. पुण्या-मुंबईत असाल तर माक्स म्युलर भवनच्या कार्यक्रमांवर लक्ष ठेवा, जुने जर्मन चित्रपट तिथे दाखवतात. युट्यूबवरच्या प्रतीत सगळ्या सावल्यांचा चिखल होतो, आणि सावली गेली की या चित्रपटांत फारसं काही उरत नाही.

ब्रूकचं: स्टर्नबर्गने सगळ्यांना आगगाडीच्या ठेक्यात बोलायला लावलं होतं, असं ब्रूकनेच नंतर सांगितलं. गाडी चालतेय तसं बोलायचं, वर नाही, खाली नाही. डीट्रिखला ते शोभतं, ब्रूक आधीच इस्त्री केलेला माणूस, त्याचं लाकूड झालं.

पण तुम्ही अ‍ॅना मे वाँगबद्दल काहीच लिहिलं नाहीत? डीट्रिखच्या डब्यातली दुसरी बाई, पत्ते मांडत बसलेली. त्या बंडखोर सरदाराचा काटा तीच काढते. ती एका सुरात बोलते तेव्हा अंगावर काटा येतो. हॉलिवूडने तिला कधी धड नायिका होऊ दिलं नाही. १९३७ च्या 'द गुड अर्थ'मध्ये चिनी शेतकऱ्याच्या बायकोची भूमिका होती, ती तिला न देता लुईस रेनरला दिली आणि त्यासाठी रेनरला ऑस्कर मिळालं. रेनर म्हणजे आणखी एक जर्मन. तिच्यावर बोलायचं तर कुणीतरी वेगळा धागा काढा, मी येतो.